सभासद कोण? : मुरबाड-शहापूरकडून कंपनीच्या इतिहासाकडे

आमच्या भागातल्या एका कारखान्यात मी हिशेबनीस म्हणून लागलो तेव्हा दर महिन्याला माझ्या टेबलावर दोन मस्टर येत. एक जाड पुठ्ठ्याचे, कंपनीचे. दुसरे शाळेच्या वहीसारखे, कंत्राटदाराचे. पहिल्यातली आडनावे वाचताना गावच्या सोसायटीच्या पंचांची यादी वाचतो आहोत असे वाटावे. दुसऱ्यात वाघे, मुकणे, हिलम ही कातकऱ्यांची नावे, काही ठाकरांची, आणि उरलेली आमच्या बौद्धवाड्यांतली. दोन्ही मस्टरांतली माणसे एकाच पाळीत, एकाच मशीनवर उभी असत. वर्षअखेरीस संचालक मंडळाचा अहवाल तयार होई तेव्हा त्यात हजेरीपटावरचे कायम कर्मचारी किती, हा एक रकाना असे. कायदा तेवढेच विचारतो. मी पहिले मस्टर उघडून आकडा टाकीत असे. दुसऱ्या मस्टरात माझा सख्खा चुलतभाऊ होता. त्याला मी त्या आकड्यात कधी धरले नाही. मी खोटे लिहिले असे कोणी म्हणू शकणार नाही, कारण विचारले होते तेवढेच लिहिले.

त्याच वर्षांत मी नोकरी सांभाळून एम.कॉम.चा अभ्यास करीत होतो. कंपनीचा कारभार आणि पेढीचा सिद्धान्त हा माझा विषय. एकीकडे ते ग्रंथ आणि दुसरीकडे ती दोन मस्टरे, अशा अवस्थेत जे विचार सुचले ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

हा सिद्धान्त थोडक्यात असा. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला. बाजारात सगळेच विकत मिळते, तर पेढी हवी कशाला? त्याचे उत्तर असे की बाजार फुकट चालत नाही. भाव काढणे, घासाघीस करणे, दर कामाला नवा करार करणे या सगळ्याला खर्च येतो. तो वाचविण्यासाठी माणसे एका छपराखाली आणली जातात आणि तेथे घासाघिशीची जागा हुकूम घेतो. जे आत करणे स्वस्त पडते ते आत, जे बाहेरून घेणे स्वस्त पडते ते बाहेर. पेढीची हद्द या हिशेबाने ठरते. कोसच्या आधी, १९३२ साली, बर्ल आणि मीन्स यांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा अभ्यास करून दाखविले होते की भागधारक नावाचेच मालक राहिले असून कारभार व्यवस्थापकांच्या मुठीत गेला आहे. १९७६ साली जेन्सन आणि मेकलिंग यांनी यालाच मालक आणि मुखत्यार यांच्या नात्याचे रूप दिले. कंपनी म्हणजे करारांची एक गाठ, मुखत्यार आपले हित पाहणार, तेव्हा त्याच्यावर नजर कशी ठेवायची एवढाच प्रश्न. त्यांच्या चार वर्षे आधी अल्चियन आणि डेमसेट्झ यांनी तर असे प्रतिपादन केले की मालकाची नोकरावर खास अशी काही सत्ताच नसते. गिऱ्हाइकाने किराणावाला बदलावा तसे दोघेही एकमेकांना सोडू शकतात.

हे शेवटचे वाक्य मी वाचले तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती आणि शेजारची कातकरवाडी वीटभट्टीवर जायला निघाली होती. घरातली भांडी, कोंबड्या, पोरे असे सगळे ट्रकमध्ये. पावसाळ्यातच घरटी उचल घेतलेली. भट्टीवर नवराबायको जोडीने राबणार, हजार विटांमागे दर ठरलेला, आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळणार, आणि ज्येष्ठात हिशेब होईल तेव्हा उचल फिटली नाही असे निघणार. मग उरलेल्या देण्यासाठी पुढच्या वर्षी तीच भट्टी. यात किराणावाला कोण आणि गिऱ्हाईक कोण? वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा आहे. जेन्सन आणि मेकलिंग यांचा निबंधही त्याच वर्षीचा. या दोघांची कधी गाठ पडली नाही.

या सिद्धान्तात बुद्धिमत्ता कमी आहे असे मला म्हणावयाचे नाही. मालकाने मुखत्याराला कसे आवरावे, यावर त्यांनी रक्त आटविले आहे. पण करार करायला मुळात कोणाला बसू दिले, कोण सभासद आणि कोण नुसता हात, हा प्रश्न त्यांच्या दारात येत नाही. आमच्या देशात कंपनीचा इतिहास लिहायचा तर तो तेथूनच सुरू करावा लागतो.

आमचा मुरबाड तालुका कल्याणच्या बंदराकडून घाटावर जाणाऱ्या जुन्या वाटेवर आहे. वैशाखऱ्याकडून चढून गेले की नाणेघाट लागतो. तेथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. बाहेर दगडी रांजण आहे, त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकीत असे सांगतात. मुले तो रांजण पाहून खूष होतात. मी मात्र लेखाचे भाषांतर वाचले तेव्हा थांबलो. त्यात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञाला किती गाई, किती कार्षापणे दक्षिणा दिली त्याचा तपशील आहे. या घाटाने माल वाहणाऱ्यांचा त्यात उल्लेख नाही. मालाचे गोणे पाठीवर घेऊन हा चढ चढणारी माणसे कोण होती, त्यांना काय मिळे, हे दगडाला ठाऊक नाही.

घाट चढून पुढे गेले की जुन्नर. तेथल्या बौद्ध लेण्यांतले लेख वेगळे बोलतात. धान्य विकणाऱ्यांच्या एका श्रेणीने सात गर्भांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली आहे. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, लेख आहे. त्याने गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापणे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ दराने, एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज घ्यायचे. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी द्यायची. हिशेबनीसाची खोड म्हणून मी हा हिशेब कागदावर करून पाहिला. दोन हजारांवर वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. एका कार्षापणाचाही फरक नाही. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला, असेही लेखात म्हटले आहे.

आता विचार करा. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी राजघराण्यातला माणूस आपला कायमचा निधी विणकरांच्या संस्थेकडे ठेवतो. कोण्या एका विणकराकडे नव्हे. विणकर मरतील, संस्था राहील, हा त्यामागचा भरवसा. माणसाहून वेगळे आणि माणसापेक्षा दीर्घायुषी असे कायद्याचे व्यक्तित्व ही कल्पना युरोपातूनच आली, असे आमच्या पाठ्यपुस्तकात छापलेले असते. परदेशातून आले ते विशिष्ट कायदे. कल्पना या दगडांवर होती, आणि तिचे वाहक हातांनी काम करणारे लोक होते. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या चर्मकाराचे दान आहे, आपल्या धंद्यासकट नाव लिहून दिलेले. चर्मकाराचे नाव दगडावर मानाने कोरले जाई असा काळ या देशात होता.

आणि कारभाराचे काय? त्यासाठी विनयपिटकाकडे जावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बौद्ध संघाच्या कार्यपद्धतीकडे देशाचे लक्ष वेधले होते. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे संघाला ठाऊक होते, हा त्यांचा मुद्दा. कंपनी कायदा शिकलेल्या माणसाने विनय वाचला तर तो चकित होतो. प्रथम ज्ञप्ती, म्हणजे ठरावाची सूचना. मग अनुश्रावण, महत्त्वाच्या बाबतीत तीनदा. कोणाला विरोध असेल त्याने बोलावे, नसेल त्याने स्वस्थ राहावे. साध्या कामाला किमान चार भिक्षू, काही कामांना दहा, काहींना वीस. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मते घ्यायची आणि शलाका वाटणारा माणूस पक्षपाती नसावा याची अट. आजारी भिक्षू येऊ शकत नसेल तर त्याने आपला छंद, म्हणजे संमती, दुसऱ्याबरोबर पाठवायची. आजच्या सर्वसाधारण सभेत प्रतिनिधी पाठवितात त्याचाच हा प्रकार. आणि या सभेत उपाली न्हावी शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रजित झाला म्हणून ज्येष्ठ ठरला. राजपुत्रांनी त्याला वंदन करायचे.

परंतु येथे एक गोष्ट लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच विनयात असाही नियम आहे की ऋणी माणसाला आणि दासाला प्रव्रज्या देऊ नये. सावकार आणि धनी दाराशी भांडत आले म्हणून तो नियम करावा लागला, अशी कथा आहे. कारण समजण्यासारखे आहे. तरीही जातीचे दार उघडणाऱ्या संघाला कर्जाचे दार उघडता आले नाही, ही नोंद आपण करून ठेवली पाहिजे. आमच्या तालुक्यात तर फारच.

श्रेणींचे पुढे काय झाले हा मोठा विषय आहे, त्यात मी शिरत नाही. इतके खरे की सभासदत्व धंद्यावरून ठरण्याऐवजी जन्मावर आले, आणि जी संस्था ठेवी सांभाळीत होती तिचे काम बहिष्कार सांभाळण्यावर आले. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावरील आपल्या भाषणात हेच दाखविले की येथे नुसती कामाची वाटणी झाली नाही, काम करणाऱ्या माणसांनाच एकावर एक अशा उतरंडीत वाटून टाकले.

या उतरंडीच्या तळाशी एक करार होता, त्याचे नाव महार वतन. पेढीच्या सिद्धान्ताचा अभ्यास करणाऱ्याने तो अवश्य तपासावा. माझ्या आजोबांच्या तोंडी महारकी हा शब्द असे आणि तो उच्चारताना ते आवाज खाली आणीत. नोकर सरकारचा, पण सरकारकडून नगण्य मोबदला, आणि बाकी पोट भरायचे ते गावाने घातलेल्या बलुत्यावर. म्हणजे मालक दोन. सरकार म्हणे गाव देईल, गाव म्हणे मर्जी असेल तर देऊ. कामाचे तास ठरलेले नाहीत, कामांची यादी नाही. वतनदार गैरहजर असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणीही हजर व्हायचे. सही करणारा एक आणि बांधले गेलेले सगळे कुटुंब! जेन्सन-मेकलिंगच्या भाषेत, येथे मुखत्याराने मालकाला फसविण्याची भीती नव्हती. दोन मालकांनी मिळून मुखत्याराला पिढ्यान् पिढ्या फसविले.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ते आज कंपनी कायद्याच्या वर्गात शिकवावे असे आहे. कामे नेमकी ठरवा. बलुत्याऐवजी रोख मोबदल्याची सोय करा. ज्याला वतन सोडायचे त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवता येऊ द्या. कराराला हद्द, कराराला किंमत आणि करारातून बाहेर पडायचा हक्क, हे तिन्ही त्यात होते. निवड समितीत विधेयकाची इतकी मोडतोड झाली की ते त्यांनी मागे घेतले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

बाबासाहेब या विषयावर बाहेरून बोलत नव्हते, हे आपले पुष्कळ लोक विसरतात. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर त्यांनी शेअर बाजारातील गुंतवणुकीबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला अर्थशास्त्रज्ञ सल्ला द्यायला बसलेला. गिऱ्हाइके येऊ लागली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ती यायची थांबली आणि पेढी बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. म्हणजे दिवसा वतनाच्या कराराशी झगडणारा माणूस फावल्या वेळी मुंबईतल्या होतकरू हिशेबनीसांना करार म्हणजे काय ते समजावून सांगत होता. आणि ज्या लंडन स्कूलमधून त्यांनी १९२३ साली डी.एस्सी. घेतली, तेथेच पुढे कोस शिकला, शिक्षक झाला आणि त्याने तो १९३७ चा निबंध लिहिला. एकाच संस्थेतून गेलेल्या या दोघांपैकी एकाने विचारले पेढी का असते. दुसऱ्याची पेढी का बुडाली याचे उत्तर त्या निबंधात सापडत नाही.

ते उत्तर बऱ्याच उशिरा आणि अपुरे सापडते ते जॉर्ज अकरलॉफकडे, तेही पुन्हा १९७६ सालीच. जातीचा नियम मोडणाऱ्याशी व्यवहार केला तर आपल्यावरच बहिष्कार पडेल या भीतीने, मनात द्वेष नसलेला माणूसही नियम पाळतो आणि त्यामुळे तो नियम टिकतो, असे त्याचे म्हणणे. बाबासाहेबांच्या गिऱ्हाइकांना सल्ला चुकीचा वाटला नव्हता.

मुंबईच्या गिरण्यांनी तर हे मोठ्या प्रमाणावर करून दाखविले. भारतात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० चा, मर्यादित जबाबदारी आली १८५७ साली, आणि दोहोंच्या मध्ये, १८५४ साली, कावसजी दावरांनी मुंबईची पहिली कापडगिरणी स्थापन केली. या कंपन्यांचा कारभार चाले मॅनेजिंग एजन्सीच्या हातून. भागधारक कोणीही असोत, सूत्रे एका घराण्याच्या पेढीकडे. ही पद्धत एप्रिल १९७० मध्ये कायद्याने संपली आणि तिच्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. गिरणीच्या आत काय होते त्यावर त्या मानाने थोडेच. धोट्यात नवी कांडी घातली की भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा, म्हणून विणाई खात्यात अस्पृश्याला मज्जाव. त्याला रिंग खाते. आणि विणाईचा पगार अधिक. माझे आजोबा रिंग खात्यातच रिटायर झाले. एरवी पैपैचा हिशेब करणारा गिरणीमालक स्वस्त आणि तयार कामगाराला अधिक कसबाच्या खात्यात येऊ देत नाही, कोसच्या हिशेबात हे बसवून दाखवा! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी विणाई खाते खुले करण्याची मागणी पुढे केली तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही ती अडचणीची वाटली.

आता पुन्हा आमच्याकडे येतो. शहापूर तालुक्याने मुंबईला तानसाचे पाणी १८९२ पासून दिले, पुढे वैतरणेचे आणि भातसाचे. महानगरपालिका हेही कायद्याच्या भाषेत एक अखंड वारसा असलेले कॉर्पोरेशन. तिचे सभासद मुंबईचे नागरिक. धरणाकाठची गावे तिच्या हद्दीबाहेर, म्हणून उन्हाळ्यात तेथे टँकर. हद्द कोण आखतो याचा हा धडा आम्हाला शाळेत न जाताच मिळतो.

सभासदत्वाचा एक सरकारी प्रयोग मात्र आमच्या जंगलात झाला. १९४७ साली बाळासाहेब खेर यांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू केल्या. ठेकेदार काढून टाकायचा, कूप थेट तोडणाऱ्या आदिवासींच्या सोसायटीला द्यायचे. कल्पना चांगली होती आणि तिने ठेकेदाराचा जाच पुष्कळ ठिकाणी कमी केला, हे मान्य करावे लागेल. पण सोसायटीला एक पुरस्कर्ती संस्था जोडलेली असे. शिकलेले, सेवाभावी, बहुतेक उच्चवर्णीय कार्यकर्ते त्यात असत. सभासद आदिवासी, हिशेब आणि ठराव दुसऱ्यांच्या हाती. अंगठे सभासदांचे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तोडीवर बंधने आली तसे या सोसायट्यांचे कामही आटले. तीस-पस्तीस वर्षांत किती कातकरी आणि ठाकर सभेचे इतिवृत्त लिहायला शिकले, हा प्रश्न मी जुन्या लोकांना विचारतो. ते हसतात.

याहून पुढचा प्रयोग कुर्ल्याच्या कामानी ट्यूब्जचा. मालक घराण्यातील भांडणे आणि कर्ज यांत ती कंपनी १९८५ साली बंद पडली. कामगारांनी ती आम्हीच चालवितो म्हणून योजना मांडली आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ती कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. दुसऱ्या वर्षी उत्पादन सुरू झाले. नोकर भागधारक झाले, म्हणजे ज्यांच्या कामावर नजर ठेवायची तेच मालक. काही वर्षे कारखाना चालला, मग पुन्हा कर्जात रुतला. शेवटी २००६ साली अध्यक्षपदी आल्या त्या कल्पना सरोज; विदर्भातल्या दलित पोलीस हवालदाराची मुलगी, बालविवाहातून सुटून मुंबईत शिवणकामाच्या मजुरीवर उभी राहिलेली. कारखाना नंतर वाड्याला हलला. वाडा तालुका आमच्या शहापूरला लागून. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे कर्तृत्व मोठेच. पण आमच्या वाङ्मयात या कथेचा उत्तरार्धच सांगितला जातो, याची मला रुखरुख आहे. एक दलित स्त्री अध्यक्ष झाली हे आपण ऐकतो. त्याआधी शेकडो कामगार सभासद झाले होते आणि त्यांना बहुतांच्या सभेतून कंपनी चालविण्याचा अवघड धंदा शिकावा लागला, हे ऐकत नाही. जिच्यासाठी भिक्षुसंघाला चार, दहा, वीस अशी गणपूर्ती आणि तीनदा घोषणा लागली, तीच ही अडचण.

अध्यक्ष एखादी होते तेव्हा बाकीच्या खुर्च्यांवर कोण असते? डी. अजित, हान डोंकर आणि रवी सक्सेना यांनी देशातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांची संचालक मंडळे तपासून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा ९२.६ संचालक उच्च जातींचे. अन्य मागासवर्गीय ३.८, अनुसूचित जाती आणि जमाती मिळून ३.५. दुसऱ्या वर्षी नवा कंपनी कायदा आला. त्याने स्वतंत्र संचालक आणले, ठरावीक कंपन्यांना एक स्त्री संचालक आवश्यक केली, नफ्याचा शेकडा दोन भाग समाजकार्यावर खर्च करायला सांगितला. मंडळात विविधता हवी असे आता सगळेच म्हणतात. जातीचा रकाना कोणत्याही अहवालात नाही, मग तो भरण्याचा प्रश्नच येत नाही. स्वतंत्र संचालक कोणापासून स्वतंत्र, असे मी एकदा एका वर्गात विचारले. प्रवर्तकांपासून, असे उत्तर मिळाले. बरोबर उत्तर आहे. त्याला गुणही मिळतात.

ती नोकरी मी काही वर्षांपूर्वी सोडली. चुलतभाऊ अजून दुसऱ्या मस्टरावर आहे. मधल्या काळात कंत्राटदार तीनदा बदलला, मशीन तेच आहे. मी आता शहापूर आणि मुरबाडमध्ये छोट्या संस्थांचे हिशेब लिहितो. गेल्या पावसाळ्यात एका कातकरवाडीत मजूर सहकारी संस्थेच्या नोंदणीसाठी कागद करायला बसलो होतो. रस्त्याची, बंधाऱ्याची छोटी कामे ठेकेदाराऐवजी संस्थेने घ्यावीत असा बेत. उपविधी वाचून दाखविले. गणपूर्तीचे कलम आले तेव्हा अडलो. दिवाळीनंतर वाडी रिकामी. भट्टीवरून परत येणार पाऊस पडल्यावर. मग सभा केव्हा घ्यायची? सहकारी कायद्याप्रमाणे वार्षिक सभा सप्टेंबरअखेरीच्या आत व्हावी लागते, आणि त्या दिवसांत माणसे घरी असतात. तेवढे एक बरे जुळले.

सह्या-अंगठे घेताना एक बाई मागे उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तिने विचारले, "दादा, आम्ही भट्टीची उचल घेतलीय. मग आमचं नाव चालंल का?"

मला विनयातला तो नियम आठवला. कायद्यात काय आहे तेही मी मनात ताडून पाहिले. थकबाकीदाराला पंचमंडळावर बसता येत नाही हे खरे, पण ती थकबाकी संस्थेची असावी लागते. भट्टीवाल्याच्या उचलीचा त्याच्याशी संबंध नाही.

"चालतं," मी म्हणालो आणि तिचे नाव विचारून सतरावा क्रमांक घातला. तिने नवऱ्याचे नाव सांगायला सुरुवात केली. मी म्हटले, तुझे स्वतःचे सांग.